गाडीत कोण बसणार

"तू उतर खाली," खेळाच्या मॅडम म्हणाल्या. "तू येत नाहीयेस."

ड्रायव्हर बसची पुढची काच पुसत होता. त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाला तरी सांगतायत. मग दारातून त्याचीच मुलगी उतरली. खांद्यावर बॅग, हातात गोलकीपरचे हातमोजे.

"का, मॅडम?"

"का ते तुला चांगलं माहीत आहे."

मुलगी बॅग सावरत वळली. सायकली लावायच्या शेडखाली जाऊन उभी राहिली. बसमध्ये फुटबॉल टीमच्या बाकीच्या मुली खिडक्यांशी बसल्या होत्या. सगळ्यांना एकदम बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या.

कॉलेजची ही बस तो कितीतरी वर्षं चालवत होता. त्याच कॉलेजात पोरगी शिकायला आली आणि बघता बघता टीमची कीपर झाली, याचं त्याला केवढं कौतुक. मुली तिला 'भिंत' म्हणायच्या. त्याला ऑफसाइड म्हणजे काय ते आजवर कळलं नव्हतं. पण प्रत्येक मॅचला तो गोलच्या जाळीमागे उभा राहायचा आणि चेंडू आत गेला की आपल्याच घराची काच फुटल्यासारखा हळहळायचा.

"मॅडम, काय झालं? बरं नाही का तिला?"

मॅडम त्याला बसच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, तुम्ही समजूतदार आहात म्हणून बोलते. दोन पालकांचे फोन आले. मुली एकाच खोलीत कपडे बदलतात ना. आणि तुमची मुलगी..."

"माझी मुलगी काय?"

"तिला मुली आवडतात, काका. म्हणजे... तशा. तुम्हाला कल्पना असेलच."

त्याला कल्पना नव्हती. हातातल्या फडक्याचं पाणी त्याच्या चपलेवर ठिबकत राहिलं. ड्रायव्हर लोकांच्या खोलीत या विषयावर विनोद चालायचे आणि इतरांबरोबर तोही हसायचा. त्यामुळे खरं सांगायचं तर आधी त्याला लाजच वाटली. कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं. तेव्हा त्याला शेडखालची पोरगी दिसली. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. मॅडमच्या तोंडाकडे पाहत होती. एवढ्या लांबून ओठ हलताना बघून, बापाला काय सांगितलं जातंय ते ओळखायचा प्रयत्न करत होती.

ते बघितलं आणि त्याच्या डोक्यात सणक गेली.

"मॅडम, हे मला कुणी सांगायचं?"

"म्हणजे?"

"तिनं सांगायचं. तिच्या तोंडानं, तिला वाटेल तेव्हा. उद्या सांगितलं असतं, नाहीतर कधीच नसतं सांगितलं. तिच्या बापाला परस्पर सांगणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी तुमच्या भल्यासाठीच..."

"मागच्या मोसमात तिचं बोट मोडलं होतं. पट्टी गुंडाळून उभी केलीत तिला. तेव्हा नाही आला कुणा पालकाचा फोन? बोट मोडलेलं चालतं होय?"

"आवाज खाली घ्या, काका. मुली ऐकतील."

"आता आठवलं का तुम्हाला, कुणी ऐकेल म्हणून?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "उशीर होतोय. गाडी काढा. घरी गेल्यावर तिच्याशी शांतपणे बोला."

ड्रायव्हरने केबिनमध्ये हात घालून चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"मैदानात कोण उतरणार ते तुम्ही ठरवा. गाडीत कोण बसणार ते ड्रायव्हर ठरवतो." आणि त्याने शेडकडे बघून हाक मारली, "ए पोरी! चल, पुढं बस."

दुसरी गाडी नव्हती आणि मॅच कुणासाठी थांबणार नव्हती. मॅडम मुकाट्याने चढल्या.

एरवी ही बस फाटकातून बाहेर पडायच्या आधी गाण्यांना सुरुवात व्हायची. आज कुणी खोकलंसुद्धा नाही. मुलगी क्लीनरच्या सीटवर बसून समोरचा रस्ता बघत होती. ड्रायव्हरला तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. पण हात ठेवला तर ती रडेल आणि मागच्यांना तेवढंच बघायला मिळेल, म्हणून त्याने हात स्टिअरिंगवरच ठेवला.

मैदानावर मॅडमनी गोलमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी केली. हातमोजे तिला मोठे होत होते. ती रेषेवरच खिळून राहिली आणि मध्यंतराच्या आत दोन गोल झाले. ड्रायव्हर आज जाळीमागे गेला नाही. लेकीबरोबर कुंपणापाशी उभा राहिला. लेक मात्र घसा फुटेस्तोवर ओरडत होती, "पुढं ये! रेषेवर थांबू नको गं! घाबरू नको, पुढं ये!"

मध्यंतराला मॅडम अख्खं मैदान ओलांडून आल्या. धापा टाकत होत्या.

"भिंत, चल. पटकन कपडे बदल."

म्हणजे तिचं नाव टीमच्या यादीतून काढलेलंच नव्हतं. फक्त तिला काढलं होतं.

"कुठं बदलू, मॅडम?"

 मागून कॅप्टन पळत आली होती. "आमच्याबरोबर बदल की. तीन वर्षं कुठं बदलतेस?"

"हे सकाळी बोलायचं होतंस," मुलगी म्हणाली.

कॅप्टनची मान खाली गेली.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "नको वाटत असेल तर नको खेळू. कुणाचं देणं लागत नाहीस तू."

"खेळते, बाबा. ती छोटी रडायला आलीय."

तिने बसमध्ये जाऊन कपडे बदलले. तेवढा वेळ तो बसच्या दाराकडे पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या अर्ध्यात तिने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. पाठीमागे ती उभी आहे म्हटल्यावर पुढच्या मुलींच्या पायांत बळ आलं आणि त्यांनी दोन्ही गोल फेडून तिसराही केला. शिट्टी झाली तेव्हा ती पहिल्या वर्षाची मुलगी पळत येऊन तिच्या गळ्यातच पडली. मॅडम टाळ्या वाजवत होत्या.

मग फोटोची वेळ आली. मुली दोन रांगांत उभ्या राहिल्या. ती मागच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहणार, एवढ्यात मॅडमनी आपला मोबाइल तिच्यापुढे धरला.

"भिंत, तूच काढ ना. तुझे फोटो छान येतात."

ड्रायव्हरच्या लक्षात आलं. गोल वाचवायला ही चालते. पालकांनी बघायच्या फोटोत तेवढी नको.

मुलीने एकेक हातमोजा काढून काखेत धरला आणि मोबाइल घेतला. मोबाइल अगदी सरळ धरून म्हणाली, "हसा सगळ्या."

एकही हसली नाही. पहिल्या वर्षाची मुलगी रांगेतून बाहेर आली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मॅडमनी बोलावलं तरी हलली नाही. फोटो तसाच निघाला.

मुली बसमध्ये चढत असताना मॅडम ड्रायव्हरजवळ आल्या. "आज निभावलं, काका. पण पुढची फेरी मुक्कामाची आहे. तिथं मी काही करू शकणार नाही."

"आज तरी तुम्ही काय केलंत?"

"तुम्ही समजून घ्या. वरून विचारणा होते."

"मग वर कळवा, पुढच्या फेरीला ड्रायव्हर दुसरा बघा म्हणून."

"काका, नोकरी आहे ही."

"माहितीये. ती रोज मीच करतो."

कॉलेजच्या फाटकाशी मुली उतरल्या. कॅप्टन पायरीवर क्षणभर थांबली, क्लीनरच्या सीटकडे बघून उतरून गेली. बस रिकामी झाली. आता ती गावाबाहेर गॅरेजात नेऊन लावायची होती. ऊन उतरलं होतं. मुलीच्या कोपरावरचा चिखल वाळून पांढरा पडला होता आणि ती तो नखाने खरवडत होती.

"बाबा, सकाळी मॅडम काय म्हणाल्या तुम्हाला?"

त्याने गिअर बदलला. दिवसभर तो याच प्रश्नाला घाबरत होता.

"बरंच काही म्हणाल्या. मी ते धरत नाही. त्यांना सांगायचा अधिकारच नव्हता. तुला काही सांगायचं असेल तर तू सांग. नसेल सांगायचं तर नको सांगू. घरी जाऊ, जेवू."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग मान न वळवता काहीतरी बोलली. पण बस जुनी, इंजिन तिच्या पायांपाशीच घरघरणारं. त्याला फक्त तिचे ओठ हलताना दिसले.

त्याने डावीकडचा दिवा लावला आणि बस रस्त्याच्या कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. चावी फिरवून इंजिन बंद केलं. मागून येणारा एक ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला, तोही जाऊ दिला.

"हं," तो म्हणाला. "आता सांग."