उजेडात उडवलेली मूठ

घळीच्या पहिल्या वळणावर मी सांगते : मान वर करा, भिंतीला नखं लावू नका. दुसऱ्या वळणावर दगडातलं अस्वल दाखवते. ओठ पुढे काढून दाखवते, कारण आम्ही दिने, इथले मूळ रहिवासी, बोट रोखत नाही. पाहुणे हसतात. त्यांना वाटतं, मी अस्वलाचा मुका घेतेय.

तिसऱ्या वळणावर उन्हाचा खांब.

उन्हाळ्यात, भर दुपारी, वरच्या फटीतून तो घळीच्या तळापर्यंत उतरतो. वीसेक मिनिटं. फोनमध्ये नीट येत नाही, म्हणून आम्ही वाटाडे खालची मूठभर वाळू त्यात उडवतो. धूळ उजेड धरते, लोक फोटो काढतात. नऊ वर्षं मी ती मूठ उडवतेय.

त्या दिवशी मला सातवा लागला होता. माझा मावसभाऊ लेलंड त्याचा गट घेऊन मागेच होता. अरुंद जागी त्याचा आवाज आला, "डेल्फीनाताई, सरळ जाणार की आडवी?"

"तुझं डोकं आधी घाल. रिकामं आहे, दबेल."

माझ्या गटात निळ्या टोपीची एक बाई होती. सत्तरीची. पहिल्या वळणापासून छातीशी कापडी पिशवी धरून चाललेली. खांबापाशी पोचलो तशी हळूच म्हणाली, "बाळ, माझ्याकडची वाळू उडवशील? घरामागच्या तळ्याकाठची आहे. खूप बारीक."

बाहेरची वाळू आत आणायची नाही. पण म्हातारं माणूस मागतंय. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, हे मला आईच्या मांडीवर शिकवलेलं. शिवाय ऊन सरकत होतं.

करडी होती. हाताला हलकी. मधेच काहीतरी टोचलं.

उडवली.

नऊ वर्षांत इतका सुंदर खांब झाला नव्हता. हेही सांगायला हवं. ती धूळ खाली येईचना. बारा जणांनी एकदम श्वास आत ओढला. माझं तोंड उघडंच होतं, मी म्हणत होते, "आता काढा, आता..."

"जा रे राजा," बाई वर बघत म्हणाली. "जा, उजेडात जा." आणि नाव घेतलं. नाव (          ) असं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. गेलेल्याचं नाव घेतलं की त्याला हाक पोचते.

"कोण?" मी विचारलं.

"माझे यजमान. चाळीस वर्षं इथे यायचं म्हणत होते."

"पण तुम्ही वाळू म्हणालात."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. रक्षा आणू नका अशी फाटकावर पाटीच आहे." ती रडत होती, हसत होती. "किती हळुवार उडवलंस गं! मुलगा की मुलगी?"

आणि ज्या हातात पिशवी होती तो हात माझ्या पोटावर ठेवला.

आमच्याकडे पोटुशी बाईला मयताच्या गाडीकडेही बघू देत नाहीत. माझा मामा झोपेत गेला तेव्हा आम्ही ते घर सोडलं, भांड्यांसकट. घळ कशी सोडतात मला माहीत नाही. मला एवढंच कळत होतं की थुंकी गिळायची नाही. पण आधी किती गिळली होती?

लेलंडचा गट आला. तो खाली वाकला. तिथूनच, माझ्या पायापाशी पडलेलंच, तो मुठीत भरू लागला.

मयताचं आत बोलायचं नाही. तिथे बोललं की तिथेच राहतं. मी ओठ काढले : खाली. नको. ते नको.

"काय गं, मुका हवाय?" लेलंड म्हणाला. त्याचे पाहुणे हसले.

त्याने उडवली.

(इथे मी

नाही, पुढचं सांगते.)

घळ मावशीच्या चराऊ जमिनीत आहे. ती बाहेर गाडीपाशी बसली होती. मी बारा पावलांवर थांबून सगळं सांगितलं. नाव सोडून.

"कुठवर उडालं?"

"सगळीकडे."

"तोंडात?"

"हो."

मावशीने माझे केस बघितले. लहानपणापासून ती ते मुळं ठेचून काढलेल्या फेसाने धुते. ती जागची हलली नाही. "स्वतः धू," म्हणाली. मग, "माझ्यात धाडस नाही गं, पोरी."

गाणी म्हणून माणूस शुद्ध करणाऱ्या आजोबांना तिने फोन लावला. परक्या मयतासाठी वेगळी गाणी आहेत, ती बाळाला आणि मला, दोघांना लागतील, ते म्हणाले. पाच आठवड्यांनी. त्याआधी चार घरं रांगेत आहेत. "आणि तोवर असलं दुसरं काही अंगावर येऊ देऊ नका. झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"घळीचं काय?" मावशीने विचारलं.

फोन चालू होता. त्यांच्या मेंढ्या ऐकू येत होत्या.

तेव्हापासून मी आत जात नाही. फाटकावर टेबलाशी बसून पाहुण्यांची नावं लिहिते. माझा नवरा फ्लॅगस्टाफला कामावर आहे. त्याला सांगितलं तर तो गाडी काढून येईल आणि मग तोही यात येईल, म्हणून सांगितलेलं नाही.

त्या बाईने फोटो इंटरनेटवर टाकला. लेलंडने दाखवला. करडा खांब, खाली माझा उघडा पंजा. तिने लिहिलं होतं : इथली माणसं देवमाणसं आहेत, मनापासून करतात.

"काढायला सांग," मी म्हटलं.

"सांगितलं. ती म्हणते, एवढं सुंदर का काढू? लोक रडतायत बघून."

तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलापुढे एक माणूस उभा राहिला. मोठा, घामाघूम, टोपी काखेत. नाव विचारलं तर सांगेना. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तो हात तुमचाच ना?"

मी हात टेबलाखाली घेतले.

"माझी मुलगी," तो म्हणाला, "एकोणीसची होती," आणि हातातला डबा टेबलावर ठेवून झाकणाला चिकटवलेली पट्टी नखाने सोडवू लागला.

"नको," मी म्हणाले. "दादा, नको. इथे नको."

"फक्त बघा," तो म्हणाला. "किती बारीक आहे." वारा त्याच्या पाठीमागून, माझ्याकडे येत होता. मी उठायला लागले. सातव्या महिन्यात खुर्चीतून चटकन उठता येत नाही.