मावशीचे चाळीस सेकंद

आईच्या घरची केबल मी काढली, हे आधीच कबूल करून टाकते. पुढे जे झालं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं, आणि ते योग्यच होतं.

काढायला कारणही तसंच होतं. खिडकीच्या फटीतून आत आलेली ती काळी वायर जरा वारा सुटला की हलायची आणि टीव्हीवरची माणसं चौकोन चौकोन होऊन थिजायची. मग आई स्टुलावर चढून वायर दाबून धरायची. एकाहत्तर वर्षांची बाई, डुगडुगत्या स्टुलावर! एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी वायर उपटली, सेट-टॉप बॉक्स कपाटावर टाकला आणि इंटरनेटवरून तेच चॅनेल थेट दाखवणारी सेवा लावून दिली. चित्र इतकं लख्ख की नायिकेच्या नाकावरची पावडर दिसावी.

"हे बटण दाबलं की कार्यक्रम जागच्या जागी थांबतो," मी शिकवायला गेले.

"कशाला थांबवू? ती माणसं काय माझे नोकर आहेत?" आई म्हणाली. चालू आणि बंद, एवढ्या दोन बटणांवर तिचं शिक्षण संपलं.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. ही आईची धाकटी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. गुडघ्यांनी दोघींचं येणं-जाणं कधीच बंद पाडलंय. पण तिचे यजमान गेले तेव्हापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, मावशी रोज साडेसातला फोन करते. आई फोन स्पीकरवर टाकून उशीला टेकवते आणि दोघी आपापल्या घरी बसून एकच मालिका एकत्र बघतात. गप्पा फक्त जाहिरातीत. एरवी नुसतं "अगं बाई!", "मेला!", "वाटलंच होतं मला!", आणि तेही दोन्हीकडून एकदम. मीठ किती घालावं यावरसुद्धा या दोघींचं कधी पटलं नाही, पण साडेसात ते आठ त्या एका तोंडाने ओरडायच्या.

सध्याची मालिका एका कॅप्टनच्या बायकोची होती. नवरा आठ वर्षांपूर्वी जहाजावरून हरवलेला. नवी सेवा लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या हातात एक पाकीट पडलं. ती ते उलटंसुलटं करत होती तोच फोनमधून मावशी किंचाळली, "अगं बाई, त्याचंच अक्षर!"

"तुला कसं कळलं?" आईने विचारलं. पाकीट अजून फोडलंच नव्हतं.

"कसं म्हणजे? दिसतंय की समोर!"

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी आईचा संयम सुटला. "चिमे, तू आधीच कुठेतरी बघून येतेस आणि मला खिजवतेस."

"आणि तू गं ताई? माझं हसून संपतं तेव्हा तू हसायला लागतेस. लक्षच नसतं तुझं. कंटाळली असशील माझ्या फोनला तर तसं सांग सरळ." आणि मावशीने फोन ठेवला.

पुढचे पाच दिवस फोन वाजला नाही. आई साडेसातला तो उशीला टेकवून ठेवायची आणि मालिका बघायची. कॅप्टनच्या बायकोवर आकाश कोसळलं तरी आईच्या तोंडून एक "अगं बाई" निघालं नाही. ती एकटी गप्प बसून टीव्ही बघतेय हे मला बघवेना.

सहाव्या दिवशी मी मावशीकडे गेले. फुगून बसली होती, पण मालिका चालू होती. संपल्याबरोबर मी तिथूनच आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आईकडे कॅप्टनची बायको अजून रडतच होती. मी घड्याळ बघत राहिले. बरोबर चाळीस सेकंदांनी शेवटचं संगीत वाजलं.

"मावशी, भांडायचं कारणच नाही. तुझी केबल आहे, आईकडे इंटरनेटवरून सगळं उशिरा पोचतं. चाळीस सेकंद."

"म्हणजे ताई मागे आहे? माझ्या मागे?"

मावशी हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत फोनकडे बघून म्हणाली, "ताई, ऐकतेस ना? जन्मभर मला सगळं तुझ्यामागून मिळालं गं. फ्रॉक तुझे, दप्तर तुझं. भूगोलाच्या पुस्तकातल्या नद्यासुद्धा तू आधीच रंगवलेल्या. गोष्टीचं पुस्तक उघडलं की शेवट तू सांगून मोकळी. पहिल्यांदाच काहीतरी मला तुझ्याआधी कळतंय."

पलीकडून आई म्हणाली, "उद्या फोन कर. वेळेवर."

मी मात्र सगळं निस्तरायच्या जोशात होते. शनिवारी केबलवाल्याला बोलावलं. तो वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून आला आणि आईने त्याला पाणी देऊन दारातूनच परत पाठवलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "चित्र चांगलं दिसतंय. राहू दे."

महिन्याभराने एका संध्याकाळी मी तिच्याकडे होते. साडेसातला फोन आला, मालिकेचं नाव पडद्यावर आलं आणि तिथेच गोठलं. आई हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेली. फोनमधून मावशीचा आवाज चढत गेला. "ताई, बसलीस ना? दार वाजलंय बघ. दाढी वाढलेला कुणीतरी आहे. थांब, थांब, ती चेहऱ्याकडे बघतेय... तोच आहे गं! परत आलाय! तिच्या हातातली किटलीच पडली बघ!"

"अय्या, खरंच? मग?" आई म्हणाली. तिच्यासमोर अजून नुसतं मालिकेचं नाव होतं.

मी रिमोट उचलला. "आई, तुझ्याकडून चुकून बटण दाबलं गेलंय. तू तर तीन मिनिटं मागे आहेस."

आईने फोनवर तळहात ठेवला आणि रिमोट माझ्या हातातून काढून घेतला.

"चुकून नाही दाबलं," ती हळूच म्हणाली. "चाळीस सेकंदांत तिचं सांगून होत नाही."