वाघीण, फोर बाय टू

वाघीण म्हणतात मला. मागच्या काचेवर लाल अक्षरांत तसं लिहून घेतलंय. त्याच्या खाली, पत्र्यावर, आता नुसता एक पांढुरका डाग आहे. तिथं आणखी काहीतरी लिहिलेलं होतं, आणि त्याच्यापायी एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. मला लाडीगोडी जमत नाही. गाडी आहे मी. काळी, उंच, रुंद, तोंडावर लोखंडी गार्ड. जे झालं ते सांगते, ऐकायचं तर ऐका.

कारखान्यात जोडणीच्या वेळी माझ्यापुढं एक लाल गाडी होती. दिसायला हुबेहूब माझ्यासारखी, जुळी बहीणच म्हणा. पण तिच्या पोटाखाली एक जादा दांडा बसवला, इंजिनाची ताकद चारही चाकांना जाईल असा, आणि आत गिअरशेजारी एक आखूड लिव्हर दिली. ती ओढली की गाडी चिखलातून, दगडातून, कुठूनही निघणार. ती फोर बाय फोर. माझ्या नशिबी दांडा नाही की लिव्हर नाही. माझी मागची दोन चाकं ढकलतात आणि पुढची दोन फुकटात फिरतात. याला फोर बाय टू म्हणतात. लिव्हरच्या जागी मला एक खोलगट खण मिळाला, चिल्लर ठेवायला.

नाशिकच्या शोरूममध्ये आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. तिथं सई नावाची मुलगी गाड्या विकायची. गोड बोलायची, पण खोटं बोलायची नाही. ती गिऱ्हाइकाला आधी त्या लाल गाडीकडं, माझ्या लालीकडं न्यायची. "सर, ही कुठलाही डोंगर चढते."

"डोंगरावर कोण जातंय ओ? सनरूफ आहे का?"

नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढं. कुणी विचारायचं स्क्रीन केवढी, कुणी विचारायचं सीटला गार हवा लागते का. लिव्हरला हात लावून बघणारा एक म्हातारा फौजी तेवढा देवळाली कॅम्पहून आला होता, आणि त्याला घ्यायची नव्हती. एके काळी म्हणे आमच्यासारख्यांसाठी रांगा लागायच्या. आता लालीच्या टायरखाली वर्तमानपत्रं घालून ठेवली होती, आणि सईचे साहेब रोज येऊन तिच्याकडं बघून तोंड वाकडं करायचे. लोकांना दांडगाई हवी होती, पण दिसण्यापुरती. म्हणून माझा नंबर आधी लागला.

मला घेतलं दिंडोरीच्या धनराजनं. द्राक्षबागायतदार, अंगानं किरकोळ, आवाज मोठा. सईनं त्याला चावी देताना बजावलं, "सर, ही फोर बाय टू आहे. ओल्या शेतात घालू नका."

"मॅडम, मला शेतात ट्रॅक्टर आहे. ही गावात घालायची आहे."

आणि शोरूममधून निघाला तो सरळ नाशकातल्याच द्वारका चौकात, गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात. तिथं माझ्या पाठीवर मोठं चकचकीत 'फोर बाय फोर' चिकटवलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण मला लाज वाटली नाही, खोटं कशाला सांगू? मिरवायला कुणाला आवडत नाही?

आता या माणसाचं सांगते. पायी चालताना धनराज बैलालासुद्धा वाट द्यायचा. माझ्यात बसला की त्याची मान ताठ व्हायची आणि तोंडात शिवी यायची. म्हसरूळच्या सिग्नलला एका छोट्या गाडीचा आरसा मला घासला. धनराजनं त्या माणसाला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि त्याच्या लेकीसमोर दोन ठेवून दिल्या. माणसाच्या नाकातून रक्त आलं. पोरगी मागच्या सीटवर अंग चोरून बसली. धनराज परत आत आला तेव्हा त्याचा चेहरा खूश होता. त्यानंतर त्याला सवयच लागली. कुणाला हॉर्न मार, कुणाला कडेला दाब, कुणाच्या टपावर थाप मार. मीही त्याला जोर पुरवला. माझं इंजिन गुरगुरलं की समोरचा आपसूक बाजूला व्हायचा, आणि ते मला आवडायचं.

त्याची बायको संध्या शेजारी बसून पदराचं टोक मुठीत धरायची. "अहो, सोडा ना. एवढं काय झालं?"

"तू गप बस. फोर बाय फोर हाय ही. वाट देतो म्हणजे काय?"

बघा, स्टिकर त्यानंच लावलेलं. पण चारचौघांत सांगून सांगून ते त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं होतं. संध्याला तर पहिल्यापासून खरंच वाटत होतं. तिनं माहेरी सुद्धा तसंच सांगितलेलं.

भांडण पेटलं ते माझ्या रुंदीवरून. धनराजची बाग आत, आणि त्याच्या चुलतभावाची, महेशची, वाटेवर. दोन बांधांमधून एक गाडीवाट जायची. आजोबांच्या काळापासून बैलगाडी गेली, मग ट्रॅक्टर गेला, कुणाची तक्रार नव्हती. मी काही मावेना. माझी चाकं महेशच्या पहिल्या ओळीवर चढायची. दोनदा ठिबकची नळी फुटली. महेश वयानं मोठा, शांत माणूस. म्हणाला, "धनू, गाडी रस्त्यावर लाव अन् पायी जा. दोन मिनिटं लागत्यात."

"पायी जायला घेतली काय एवढी गाडी?"

तिसऱ्यांदा नळी फुटली तेव्हा महेशनं कडेनं लोखंडी अँगल रोवले. धनराजनं पहिला अँगल माझ्या गार्डनं आडवा केला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी माझा दिवा दगडानं फोडला. धनराजनं महेशच्या माणसाला पान्यानं मारलं, त्याचा खांदा निखळला. 'दादा' म्हणणं बंद झालं, 'म्हश्या' सुरू झालं. एका बापाच्या दोन लेकांची ही पोरं, पण घरातल्या बायका विहिरीवर एकमेकींकडं बघेनाशा झाल्या.

फेब्रुवारीत, माल ऐन तोडीला आलेला, आणि रात्रीतून अवकाळी झोडपून गेला. सकाळी धनराजच्या बागेत व्यापारी यायचा होता. आम्ही निघालो, संध्या शेजारी. गाडीवाटेवर महेशचा फवारणीचा ट्रॅक्टर आडवा उभा.

"काढ तो."

"पावडर मारून झाली की काढतो. घड सडतील माझे."

"म्हश्या, काढ म्हणतो ना."

धनराज उतरला आणि बोलता बोलता त्यानं महेशच्या तोंडात मारली. महेश पडला, उठला, ट्रॅक्टरवरचं फावडं घेऊन धावला. फावड्याची कड धनराजच्या कपाळाला लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तो माझ्यात चढला, दार आपटलं, आणि ट्रॅक्टरला वळसा घालून मला महेशच्या बागेत घातलं. काळी माती, रात्रभर भिजलेली. दोन वेलींना आडवं करून, वेलींच्या मांडवाच्या तारेपाशी त्यानं मला थांबवलं. तेवढ्यात महेश माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि बॉनेटवर फावडं हाणायला लागला. एकदा, दोनदा, पत्रा फाटला. त्याच्या पाठीला लोखंडी अँगल, दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारा. त्याला कुठं सरकायला जागा नव्हती, आणि रागात ते त्याला कळलं नव्हतं.

धनराजला कळलं होतं. मी सांगते ना, मी त्याच्या पायाखाली होते. त्याचा पाय चुकून पडला नाही. त्यानं बघून, दात खाऊन, तळापर्यंत दाबला.

"अहो, दादा हायेत समोर!" संध्यानं स्टिअरिंगला हात घातला. त्यानं कोपरानं तिला ढकललं, तिचं डोकं काचेवर आपटलं, तिनं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, मी महेशवर गेलेच.

मी ओरडले. सगळा जोर मागच्या चाकांत आला आणि ती गरागरा फिरली. चिखल उडून तारांवर, घडांवर पडला. पुढं मात्र मी बोटभर सरकले नाही, खालीच जायला लागले. धनराजचा डावा हात लिव्हर शोधत गिअरशेजारी गेला. खरंच गेला. त्याला वाटलं ती आहे. हाताला लागला तो खोलगट खण, आणि त्यातली तंबाखूची पुडी. ती त्यानं मुठीत धरून मागं ओढली.

मग इंजिन गुदमरून बंद पडलं. महेशच्या गुडघ्यात आणि माझ्या गार्डमध्ये एक फावडं आडवं मावेल एवढी जागा होती.

महेश खाली बसला. संध्या उतरली, माझ्या पुढच्या चाकांकडं बघत राहिली. मागं हा एवढा खड्डा आणि पुढची चाकं होती तिथंच. "ही का फिरली नाहीत?"

"त्यांना जोर नसतो," धनराज पुडीकडं बघत म्हणाला. "टू हाय ही."

"मग पाठीवर काय लिवलंय?"

"चिकटवलंय."

ती मागं गेली. नखांनी खरवडून तिनं ते चकचकीत स्टिकर काढलं, नख तुटलं तरी काढलं, आणि आणून त्याच्या मांडीवर टाकलं. "हे खरं असतं ना, तर आज तुम्ही खुनी झाला असता. अन् मी खुन्याची बायको."

धनराज रडायला लागला. महेश उठला, दारापाशी आला, आणि सणसणीत एक कानाखाली दिली. धनराजनं हात उचलला नाही. महेशनं दुसरी दिली. मग म्हणाला, "चेन लाव. ट्रॅक्टर आणतो." दोघांनी मिळून चेन लावली आणि मला बाहेर काढलं.

आता मी आडगावजवळ जुन्या गाड्यांच्या आवारात आहे. माझ्यासारख्या दांडग्या गाड्यांची इथं ओळच आहे. लोकांना आता बिनआवाजी, बॅटरीवरच्या हव्यात. संध्या एकदा येऊन गेली. माझ्या गार्डवर हात ठेवून म्हणाली, "बाई गं, थांबलीस, लय उपकार झाले." मला बोलता येत नाही, नाहीतर तिला तेव्हाच सांगितलं असतं.

काल एक गिऱ्हाईक आलं, तरुण, बरोबर बायको आणि लहान मूल. त्यानं विचारलं, "फोर बाय फोर आहे का?" आवारवाला हसला आणि आत जाऊन नवं स्टिकर घेऊन आला. त्या डागावर बरोबर बसलं असतं. "हवं तर लावून देतो," म्हणाला. त्या तरुणानं आत बसून स्टिअरिंग धरलं आणि मान ताठ करून समोर बघितलं. ती मान मी ओळखते.

बाबा, घे मला, पण ते लावू नकोस. आणि संध्या सांगते त्यावर विश्वास ठेवू नकोस. मी थांबले नव्हते. मला थांबता येत नाही, थांबायचं ते चालवणाऱ्यानं. त्या दिवशी जमीन ओली होती, एवढंच. कोरड्या रस्त्यावर जीव घ्यायला दोन चाकंही पुरतात.