नाकात ओला दगड

मी वाइनची बाटली बोलतेय. हिरव्या काचेची, परदेशातली. सध्या तळोद्याजवळच्या धरणग्रस्तांच्या एका वसाहतीत, पत्र्याच्या घरातल्या फळीवर असते. एवढा समुद्र ओलांडून नशिबी फळी आली, पण माझी तक्रार त्याबद्दल नाही.

धरणाच्या पाण्यावर बोटीतून फिरायला आलेल्या पाहुण्यांनी मला काठावर आलेल्या रेवाबाईला देऊन टाकलं. तळाशी चार घोट उरले होते. तिचं मणिबेलीतलं घर, शेत आणि मोहाचं झाड त्याच पाण्याखाली आहे. दरवर्षी ती तिथं जाऊन पाण्यावर मोहाच्या दारूची धार सोडते.

घरी तिच्या सुनेनं, कामिनीनं, माझ्या लेबलावर मोबाइल धरला. त्यावर वाइनच्या वासाचं नि चवीचं वर्णन होतं; मोबाइलनं तिकडच्या भाषेचं मराठी करून मोठ्यानं वाचलं, "नाकात ओला दगड. नंतर लाकडाचा धूर, जुने चामडे. तोंडात जंगलाची जमीन येते. शरीर जड आहे, पण ते नदीची आठवण ठेवते."

कामिनी पोट धरून हसली. मलाही हसू आलं. असलं मराठी ना शाळेत, ना कचेरीत!

रेवाबाई मात्र हसली नाही. तिनं पुन्हा वाचायला लावलं. "आखो वाच व. हाई तं आपलं गाव शे. कोनी लिखं?"

खाटेवर तिचा नवरा भीमसिंग शेवटचे दिवस मोजत होता. मरताना ओठांवर आपल्या झाडाच्या मोहाच्या दारूचे थेंब पडावेत, नाहीतर वर गेलेली माणसं ओळखणार नाहीत, असं तो म्हणायचा. ते झाड तर बुडालेलं. रेवाबाईनं मनाशी धरलं की ही दारू त्याच मातीतली. "म्हाताराकरता ठी दे," म्हणत तिनं मला जपून ठेवायला लावलं.

मग रोज सकाळी कामिनी मोबाइल लावायची आणि रेवाबाई बूच काढून मला त्याच्या नाकाशी धरायची. तो डोळे मिटून हसायचा. रोज वारा लागला की वाइन आंबते. मी आतून आंबत चालले होते, पण बाटलीचं कोण ऐकतं?

एका दुपारी त्याचा श्वास अडखळला. रेवाबाईनं घाईघाईनं चार थेंब त्याच्या ओठांवर सोडले. त्यानं जीभ फिरवली. तोंड वाकडं केलं.

"हाई आपलं नई," तो म्हणाला आणि गेला.

दारात जमलेल्या माणसांना रेवाबाईनं सांगितलं, "त्यास्नी चव वळखी लिधी." मला फार लाज वाटली.

आता माझ्यात पिण्याचं पाणी भरतात. लेबल अर्धं निघालंय. तरी रेवाबाई अधूनमधून म्हणते, "वाच व, कामिनी." कामिनी, बाई, नको गं वाचूस. मी ते गाव कधी पाहिलेलं नाही. तिच्याजवळ बस आणि तिलाच विचार, कसं होतं म्हणून. सांगणारी आता या घरात ती एकटीच उरलीय.