दुसरी घंटी

नथू कंडक्टरला घरात बसवणं म्हणजे मोकाट बैल दावणीला बांधणं, आणि ते काम त्याच्या बायकोच्या, कमळाबाईच्या गळ्यात पडलं होतं.

दम्यासाठी नथूनं वर्षानुवर्षं कुणाकुणाच्या पुड्या खाल्ल्या. त्यातल्या स्टिरॉइडनं उजव्या खांद्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटला, हाड आतून मेलं. शेवटी मुंबईला खांद्याचा गोळा काढून धातूचा बसवला. डॉक्टरांनी कमळाबाईलाच बजावलं, "स्नायू धरणारा हाडाचा तुकडा कापून परत शिवलाय. तो जुळेपर्यंत यांनी आपल्या बळानं हात उचलायचा नाही. रक्त कमी मिळालेलं हाड आहे, सावकाश धरेल."

हात वर गेला नाही, तर नथूची गाडी कायमची सुटली. डाव्या हातात तिकिटांची पेटी. घंटीची दोरी उजव्यानंच ओढायची. एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. नाहीतर डेपोत टायरांच्या खोलीत बसा. त्या खोलीचं नाव काढलं तरी नथूला घास जात नसे.

किन्हवलीतलं घर रस्त्यालगत. एसटी गेली की गळ्यात अडकवलेल्या झोळीतला हात वळवळायचा.

"हात खाली!" कमळाबाई चुलीपासून ओरडायची.

"बांधून मारशील मला."

"मारीन. पण हात खाली."

सासू रखमीनं तर मुरबाडहून हाडवैद्यच आणला. "चोळला नाय तर खांदा आखडंल गो!"

"आत्याबाय, हाड धरतंय. कुनी बोट लावायचं नाय." आणि हाडवैद्याला चहा पाजून तिनं वाटेला लावलं. सासूनं अबोला धरला. कमळाबाईनं तो खुशाल धरू दिला.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मात्र ती रोज स्वतः करून घ्यायची. त्याचा हात आपल्या हातांवर पेलून वर न्यायची, तो कळवळला तरी सोडायची नाही.

भातं कापणीला आली तेव्हा डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे फोटो उजेडासमोर धरला. "हाड धरलं. आता स्वतः उचला."

परतताना शहापूरला मुरबाडची गाडी मिळाली. चालवायला नथूचा जुना जोडीदार सावळाराम, कंडक्टर नवा पोरगा मुकेश. किन्हवली आली. कमळाबाई पिशव्या घेऊन उतरली, माणसं उतरली. मुकेश दोरीकडे वळला तर नथू म्हणाला, "थांब. मी मारतो."

टण्.

मग काहीच नाही. कमळाबाईनं खिडकीतून पाहिलं. पहिल्या घंटीनंतर खाली आलेला हात दुसऱ्यांदा निम्म्यावरच अडला होता. मुकेश पुढं सरसावला.

"त्यांना हात लावशील तर बघ!" ती खालून ओरडली.

सावळारामनं मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. गियरवर हात ठेवून तो बसून राहिला. हात इंचाइंचानं चढला, दोरीला पोचला.

टण्!

गाडी निघाली, ती नथूला घेऊनच.

"अगो, तुझा मानूस गाडीतच राहिला!" थांब्यावरची भागी ओरडली.

कमळाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पिशव्या उचलल्या.

"राहू दे," ती म्हणाली. "कामावर गेलेत ते."