मुखपृष्ठावरची कोल्हीण

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात मी आहे. निळा रेनकोट घालून, हातात पिशवी घेऊन दोन पायांवर चालणारी आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसणारी ती पुस्तकातली कोल्हीण म्हणजे मी. निदान लोक तरी तसं सांगतात. खरी मी चार पायांवर चालते, त्यातला एक आता लंगडा आहे, आणि मी आयुष्यात एकदाही हसलेले नाही. माझी हकिगत कडू आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड हवी असेल तर पुस्तकं आहेतच.

माझा जन्म रानात झाला नाही. शहरातल्या एका बंद पडलेल्या धुलाई कारखान्याच्या मागे, गंजक्या नळांच्या ढिगाखाली झाला. आईने मला तीन गोष्टी शिकवल्या. कचऱ्याच्या डब्याचं झाकण नाकाने कसं उचलायचं, गाडीच्या दिव्यांकडे बघत कसं उभं राहायचं नाही, आणि माणूस जवळ आला की काय करायचं. पळायला वाट असेल तर पळायचं. वाट नसेल तर कान मागे पाडायचे, ओठ ओढायचे आणि जबडा होईल तेवढा उघडायचा. त्याचा अर्थ एवढाच, की मी घाबरले आहे, आणखी पुढे येऊ नकोस. आमच्यात हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

कारखान्याला लागूनच एक बैठं घर होतं. तिथे चित्रं काढणाऱ्या एक बाई एकट्या राहत. मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची, हा त्यांचा धंदा. एकदा तिन्हीसांजेला पोटात कावळे ओरडत होते म्हणून मी त्यांच्या परसात शिरले. खिडकीखाली उकडलेल्या अंड्याची टरफलं पडली होती. मी ती चाटत होते, तेवढ्यात खिडकी धाडकन उघडली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याचं पिंप. पळायला जागाच नव्हती. मी कान पाडले आणि जबडा उघडला.

"अगंबाई!" बाई म्हणाल्या. "हसलीस की गं तू!"

आणि त्यांनी पेन्सिल उचलली.

मित्रांनो, माझ्या आयुष्याचं वाटोळं त्या एका वाक्याने केलं. तेव्हा मला ते कळलं नाही. मला कळलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर अख्खं अंडं होतं. अख्खं अंडं काय असतं, ते उपाशी पोटालाच विचारावं.

मग आमची रीतच पडून गेली. बाई अंडं ठेवत, मी दबकत दबकत जवळ जाई. अंड्याला तोंड लावणार एवढ्यात बाई लाकडी पट्टी काचेवर फाडकन आपटत. मी दचकून जबडा उघडी. "हसली, हसली!" म्हणत त्यांची पेन्सिल कागदावर धावू लागे. मला घाबरवल्याशिवाय त्यांचं चित्र होत नसे आणि घाबरल्याशिवाय मला अंडं मिळत नसे. मी तरी काय करणार? अंडं सोडवत नव्हतं.

चित्रं घेऊन जायला प्रकाशक यायचे. माणूस तसा बोलायला लाघवी. सगळं त्यांनी खिडकीत उभं राहूनच ठरवलं.

"हसू झकास आहे, बाई. हेच मुखपृष्ठावर घेऊ. पण हे सुळे काढून टाका. पोरं घाबरतील."

"खऱ्या कोल्ह्याला असतात हो."

"खऱ्याला असू देत. आपल्याला नकोत."

बाईंनी खोडरबर घेतलं आणि माझ्या सुळ्यांच्या जागी छान चौकोनी, तुमच्यासारखे दुधाचे दात काढले. पहिल्या पुस्तकात मी बाजाराला गेले, दुसऱ्यात शाळेत. तिसऱ्यात तर दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या पुस्तकात प्रत्येक पानावर मी मोठा आ करून बसले आहे आणि खाली लिहिलं आहे, बोट लावून माझे दात मोजा बरं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मोजले असतील. रागावत नाही मी. तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत.

पुस्तकांमुळे लोकांनी मला डोक्यावर घेतलं. शाळेच्या पिशव्यांवर मी, दुधाच्या पेल्यांवर मी. आईबाप मुलांना घेऊन कारखान्यामागच्या बोळात येत. मुलं माझ्याकडे बघून आ करत आणि म्हणत, "हास ना, हास ना!" मी घाबरून जबडा उघडला की टाळ्या पडत. इतक्या कौतुकात एवढी भीती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असेल असं वाटत नाही.

पुढे मला पिल्लं झाली. तीन होती, एकच जगलं. बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी सुट्टीत आईबरोबर मावशीकडे राहायला आली होती. तिने पिल्लाची शेपूट पाहून त्याचं नाव ठेवलं झुबक्या. मुलगी पहिलीत जाणारी, समोरचे दोन दात पडलेली. ती चुळबुळी होती, पण मनाने सरळ. माझ्याकडून मात्र एक चूक झाली. आईने मला माणसाची भीती शिकवली होती, ती मी झुबक्याला नीट शिकवलीच नाही. कशी शिकवणार? तो डोळे उघडल्यापासून त्या कट्ट्यावरचीच अंडी खात होता.

त्या दिवशी सकाळी मी भिंतीवर पडले होते. झुबक्या पिंपाशेजारी खेळत होता. मुलगी परसात आली ती थेट त्याच्यासमोर उकिडवी बसली. त्याच्या मागे भिंत, बाजूला पिंप, पुढे ती. मी भिंतीवरून जिवाच्या आकांताने ओरडले. झुबक्याने कान पाडले, ओठ ओढले आणि इवलासा जबडा उघडला.

"मावशी, लवकर ये! झुबक्या हसला!" मुलगी ओरडली. "आ कर हं, झुबक्या. मोठ्ठा आ कर. एक, दोन..."

तिने त्याच्या तोंडात बोट घातलं. तो चावला. दुसरं काय करणार होता तो?

घरात एकच गोंधळ उडाला. मुलीची आई धावत आली. डॉक्टरांकडे नेऊन मुलीला सुई टोचली, बोटाला पट्टी बांधली. जखम दोन टिंबांएवढी होती, पण आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिचं काय चुकलं? मीही आईच होते. तिने नगरपालिकेला फोन लावला, आणि दुपारी जनावरं पकडणारा माणूस पिंजरा घेऊन आला. पिंजऱ्यात त्याने त्याच घरातलं उकडलेलं अंडं ठेवलं. झुबक्या शेपूट हलवत आत गेला.

खिडकीतून बाईंचा फोनवरचा आवाज येत होता. पलीकडे प्रकाशक होते. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण बाईंचं येत होतं.

"अहो, पुस्तकात बघून तिने बोट घातलं... हो, समजतंय मला. चौथं छापायला गेलंय, ठाऊक आहे... नाही हो, लोकांना कशाला सांगेन? बरं. बरं, बघते."

नंतर त्या परसात आल्या. चेहरा उतरला होता. पिंजरेवाल्याने कपाळ पुसलं आणि विचारलं, "बाई, एक सांगा. कुणी डिवचलं होतं का याला? मुलीने हातबित घातला होता का?"

"का बरं?"

"हात घातला असला तर याचा दोष नाही. टेकडीपलीकडे नेऊन सोडून देतो. पण आपणहून अंगावर आला असेल, तर मग सोडता येत नाही. वरून तसा हुकूमच आहे."

मित्रांनो, मी भिंतीवर जीव मुठीत धरून बसले होते. इतकी वर्षं माणसांच्या खिडकीखाली काढल्यावर बोलणं कळतं. टेकडीपलीकडे म्हणजे जगणं आणि दुसरं म्हणजे मरण. बाईंनी फक्त खरं सांगायचं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "मुलगी नुसती उभी होती. तोच अंगावर आला."

मुलगी दारात उभी होती. पट्टी बांधलेलं बोट तिने वर धरलं होतं.

"काका, मी त्याचे दात..."

"तू आत जा," बाई म्हणाल्या.

"पण मावशी, मी..."

"आत जा म्हटलं ना! मोठी माणसं बोलताहेत."

आईने तिला दंडाला धरून आत नेलं. पिंजरेवाला क्षणभर दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघा हं बाई, पुन्हा विचारतो."

"सांगितलं ना एकदा."

त्याने पिंजरा उचलला. मी भिंतीवरून उडी टाकली ती नीट पडली नाही. माझा पाय तेव्हाच मोडला. झुबक्याने पिंजऱ्याच्या गजांतून बाईंकडे पाहिलं, कान पाडले आणि जबडा उघडला. त्या वेळी मात्र तो हसतोय असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं.

म्हणजे त्यांना कळलं होतं. हेच माझ्या घशाखाली उतरत नाही. अजाणतेपणी केलेली चूक मी कधीच पोटात घातली असती.

चौथं पुस्तक थाटात निघालं. ते झुबक्यावरच होतं. मुखपृष्ठावर तो हसतोय, सगळे दात चौकोनी. खरा झुबक्या कुठे आहे असं मुलांनी विचारलं की बाई सांगत, तो टेकडीपलीकडे राहायला गेला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडले. पुढे ऐकायची सवय झाली.

माझं बीळ त्यांनी विटांचे तुकडे टाकून बुजवलं. आता मी बस डेपोच्या मागे, फेकलेल्या टायरांच्या राशीत राहते. कोल्हीण चावते असा बोभाटा झाल्यापासून बोळातली मुलं मला दगड मारतात. त्यांच्या पाठीवरच्या पिशव्यांवर अजून माझंच चित्र असतं. बाई हल्ली देवमाशाची पुस्तकं काढतात. शहाण्या आहेत. देवमासा काही त्यांच्या खिडकीखाली यायचा नाही.

मित्रांनो, आता माझे थोडेच दिवस उरले आहेत, म्हणून एक मागणं मागते. आमचे लाड करू नका. आम्हाला अंडी नकोत, टाळ्या नकोत. लांबूनच बघा आणि पळायला वाट ठेवा. आणखी एक. आमच्या वतीने बोलायला आम्हाला कुणी बोलवत नाही, तिथे तुम्हीच असता. मोठ्या माणसांनी "तू आत जा" म्हटलं तर जरूर जा, त्यांचं ऐकावं. पण तोंडातलं वाक्य अर्धं टाकून जाऊ नका. ती मुलगी गुणी होती, म्हणून गेली. "मोजत होते" एवढेच दोन शब्द तिचे राहिले होते. माझ्या लेकराचा जीव त्या दोन शब्दांत होता.