शंभर किलोंचा नवरा

आमचे हे मोठे वजनकाटे दुरुस्त करतात. मोठे म्हणजे ज्यांवर माणूस उभा राहू शकतो असे: दवाखान्यातले, व्यायामशाळेतले, खाटकाकडचे. काटा बरोबर आहे की नाही हे ठरवायला त्यावर खात्रीचं वजन ठेवावं लागतं. वीस-वीस किलोंची पाच लोखंडी वजनं जिन्यांवरून वाहून वाहून यांचे गुडघे कामातून गेले. मग सहा वर्षांपूर्वी यांना शोध लागला की आपलं स्वतःचंच वजन बरोब्बर शंभर किलो आहे. त्या दिवसापासून लोखंड दारामागे गेलं. हे काट्यावर उभे राहायचे, काटा शंभरावर आणायचे आणि सही ठोकून पुढच्या काट्याकडे निघायचे. पाव किलो कमी भरतोय असं वाटलं तर दोन केळी खायचे. गावात त्यांना सगळे ‘शंभर’ म्हणतात.

लोखंड गेलं तरी गुडघे सुधारले नाहीत. आमची झोपायची खोली वर आहे, सतरा पायऱ्या. वर्षभर हे खाली कारखान्यातच बाकड्यावर झोपत होते आणि मी वर एकटी. याचा मला फार राग होता, आणि तो मी वेळोवेळी काढतही होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गुडघे बदलता येतील, पण नव्वदच्या खाली आलात तरच. चार महिने देते. दूध, लोणी, चीज, अंडी, मांस, मासे सगळं बंद. जे झाडाला लागतं किंवा जमिनीत येतं, तेवढंच खायचं. नाही जमलं तर नंबर दुसऱ्याला, आणि तुम्ही पुढच्या वर्षी या.”

घरी येताना मी विचारलं, “अहो, तुम्ही बारीक झालात तर काटे कशावर लावणार?”

“ज्या दिवशी काटा मला शंभराच्या खाली दाखवेल, त्या दिवशी लोखंड बाहेर काढतो.”

मला ते पटलं. आमच्या घरात अक्कल एकट्या यांनाच कमी आहे असं नाही.

मी घरातून लोणी हद्दपार केलं. सोयाबीनचं दूध आलं. मसूर, भोपळा, बीट, पालक, पुन्हा मसूर. यांना एकट्याला कसं खायला लावायचं, म्हणून मीही तेच खाल्लं. दर सोमवारी सकाळी हे कारखान्यातल्या काट्यावर उभे राहून काटा शंभरावर लावायचे, मग खाली उतरून वही घ्यायचे आणि आपलं वजन बघायला पुन्हा वर चढायचे. शंभर. सोळा सोमवार मी हे पाहिलं. एकदाही ग्रॅमभर इकडेतिकडे नाही. त्यांच्यानंतर मी चढायचे. मी सत्तरची, ती सत्तरचीच.

मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी यांचे खिसे तपासले, तोंडाचा वास घेतला. शेवटी खाटकाकडे गेले.

“ताई, तुमच्या गळ्याची शपथ, चार महिन्यांत शंभर इकडे खायला आलेले नाहीत. काटा लावतात आणि मान फिरवून निघून जातात,” तो म्हणाला आणि स्वतःच रडकुंडीला आला. “माझंच बघा ना. मी नव्वदचा होतो, आता एकशे चार. आणि चड्डी तीच.”

खाटीक एकटा नव्हता. सगळा गाव फुगला होता. व्यायामशाळेत रोज घाम गाळणारे रोज वाढत होते. डॉक्टरीणबाई साठच्या सत्तर झाल्या, म्हणून त्यांनी गावालाही पालापाचोळा लिहून दिला आणि स्वतःही सुरू केला. बाजारात भोपळा मिळेना. फक्त शिंपी गोंधळला होता. यांची पँट त्याने तिसऱ्यांदा आत घेतली आणि म्हणाला, “वहिनी, माझी टेप बिघडलीय का?”

“टेपा बिघडतातच,” हे म्हणाले. “काटा मी स्वतः लावलाय.”

शेवटच्या तारखेला आम्ही दवाखान्यात गेलो. यांनी आधी तिथला काटा लावला, सही केली, मग रुग्णांच्या रांगेत येऊन बसले. नंबर आल्यावर त्याच काट्यावर चढले, तेव्हा पट्टा असूनही पँट सुटून घोट्यांवर आली.

डॉक्टरीणबाईंनी यांच्या काटकुळ्या मांड्यांकडे पाहिलं, मग काट्याकडे. “शंभर,” त्या म्हणाल्या. “पथ्य पाळलेलं दिसत नाही. उद्या सकाळी नंबर दुसऱ्याला देते.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे दोघं आरसाच धरून बसले होते.

घरी आल्यावर मी तशीच दारामागे गेले. पाची वजनं ओढून कारखान्याच्या काट्यावर रचली. काट्याने दाखवलं एकशे सोळा.

यांनी वरच्या वजनावर बोट फिरवून पाहिलं. “लोखंड गंजून जड झालं असेल,” हे म्हणाले.

“सोळा किलो गंज?”

ते बाकड्यावर बसले. हिशेब त्यांना माझ्याआधी कळला होता, तोंड सांगत होतं. “मी शहाऐंशी आहे,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे गावातला एकूण एक काटा खोटा आहे आणि प्रत्येकावर माझी सही आहे. कुणाला सांगू नकोस. गुडघे राहू देत असेच.”

“आणि मी?”

“तू साठ.”

चार महिने भोपळा खाऊन मी सोमवारी सोमवारी मोरीत जाऊन रडले होते. मला इतका राग आला की वीस किलोंचं एक वजन मी एका हाताने उचललं. दुसरं दुसऱ्या हाताने. “सहीची लाज तुम्ही खाली बसून सांभाळा,” म्हटलं. “मला वर एकटीला झोप येत नाही. वर्ष होऊन गेलं. अजून एक वर्ष मी काढणार नाही.”

पाची वजनं हातगाडीवर घालून मी निघाले. थोड्या वेळाने मागे काठीचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात सगळ्यांसमोर यांनी सांगितलं, “काटा चुकला नाही. मी चुकलो.” एवढं बोलायला त्यांना खुर्ची धरावी लागली. मग लोखंड ठेवून काटा लावला. स्वतः चढले: शहाऐंशी. पुढच्या घटकेत बाकावरची सगळी माणसं चौदा-चौदा टक्क्यांनी उतरली. चिडायचं कुणालाच सुचलं नाही. रांगेत बसलेल्या खाटकाने यांना मिठी मारली. डॉक्टरीणबाई दोनदा चढल्या, तिसऱ्यांदा बूट काढून चढल्या, आणि मग वहीत आमची तारीख लिहिली.

ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी एका दुपारी हे जिन्याशी उभे राहिले. मी मागून चढत होते, पडले तर धरायला. धरलं असतं तर दोघंही गेलो असतो. नवव्या पायरीवर थांबले, बारावीवर थांबले. सतरावी चढून कठड्याला टेकले आणि खोलीत नजर फिरवली.

“इथे काटा नाही का एखादा?”

“नाही,” मी म्हणाले. “इथे फक्त गादी आहे. बसा.”